बोटभर फट

मी एक जुनी गॅसची शेगडी आहे. घरच्या ओट्यावरची नव्हे, फिरतीवरची. पाय दुमडतात, झाकण पेटीसारखं मिटतं, आत भाजायची जाळी. सध्या मी एका सुताराच्या कारखान्यात खिडकीच्या फळीवर बसून असते. दिवसभर अंगावर भुसा पडतो. तक्रार आहे, पण ऐकतो कोण.

मित्रांनो, माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यातला. ठोकून, वाकवून, काळा रंग चढवून मला खोक्यात घातलं आणि मी एका दुकानात येऊन पडले. शेजारी दोन बर्नरची थोरली शेगडी होती, चकचकीत. येणारं गिऱ्हाईक आधी तिच्यापाशी थांबे. मी सात महिने कोपऱ्यात काढले.

मग एक दिवस सुतार आला. बरोबर त्याची बायको, ती शाळेची बस चालवायची, आणि एका जागी कधी न ठरणारी लेक, म्हणून तिचं नाव भिंगरी. त्यांनी एक जुनी गाडी घेतली होती. सुतार तिच्या पोटात झोपायच्या फळ्या, ओटा, कप्पे स्वतः बसवत होता. अशा गाडीला कॅम्पर म्हणतात. बायकोला थोरली आवडली. सुताराने टेप काढली.

"ही नाही मावायची कप्प्यात," तो म्हणाला. मग माझं माप घेतलं. "ही सिलिंडरशेजारी बसते. बोटभरसुद्धा फट राहणार नाही."

दुकानदार म्हणाला, "नळी दबू देऊ नका. आणि सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी भोक ठेवा, ते कधी बुजवू नका. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तिथूनच खाली निघून जातो."

बायकोने नीट ऐकून घेतलं. सुतार पेन्सिलीने तळहातावर माझी मापं लिहीत होता.

नऊ वर्षं मी त्यांच्याबरोबर हिंडले. नदीकाठी, डोंगरमाथ्यावर, जिथे गाडी थांबेल तिथे मला बाहेर मांडत. माझ्या जाळीवरच्या कणसांचं कौतुक शेजारच्या गाड्यांतली माणसंही करत. तेव्हा मी थोडी फुगले होते, खोटं कशाला बोलू. पुढे माझा पेटवायचा खटका झिजला. एका दाबाला ठिणगी पडेना. "म्हातारीला तीन हाका माराव्या लागतात," असं सुतार म्हणायचा आणि सगळे हसायचे. मला वाईट वाटायचं. शेवटी ठरलं, ही सहल झाली की नवी आणायची.

त्या सहलीआधी सुताराने कप्प्याच्या तळाचं भोक बुजवलं. खालून धूळ यायची, आणि त्याला फट म्हणून सहन होत नाही. लाकडाची गुडदी ठोकली, वर पॉलिश केलं. तसं काम दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. आणि कप्पा इतका नेमका की मला आत सारताना दर वेळी माझी नळी दबे. ती आता चिरली होती.

दुपारी माळावर वारा सुटला, म्हणून पहिल्यांदाच त्याने मला गाडीत, ओट्यावर ठेवलं आणि दार लावून घेतलं. मायलेकी बाहेर चाकांना दगड लावत होत्या. सिलिंडर उघडून तो टोमॅटो चिरायला बसला. नळीतून गळलेला गॅस आधी कप्प्यात भरला, मग त्याच्या पायांपाशी पसरू लागला. मला कळत होतं, पण मला तोंड कुठे आहे? आणि सरस-पॉलिश हुंगून त्याचं नाक कधीच मेलेलं.

त्याने खटका दाबला. ठिणगी पडली नाही. पुन्हा दाबला. नाही. मी मुद्दाम केलं असं सांगून भाव खाणार नाही. मी फक्त म्हातारी झाले होते.

"ऊठ गं बाई," तो पुटपुटला. तिसऱ्यांदा हात आला तेवढ्यात दार उघडलं.

"बाबा, कसला वास येतोय?" भिंगरीने विचारलं.

"हात काढा," मागून बायको म्हणाली. "कशाला शिवू नका. तसेच खाली उतरा."

तो उतरला. तिने श्वास रोखून सिलिंडर बंद केला, दारं उघडी टाकली आणि दोघांना लांब नेलं. बऱ्याच वेळाने येऊन तिने कप्पा पाहिला.

"हे भोक कुणी बुजवलं?"

"मीच. धूळ येत होती."

"दुकानात सांगितलं होतं त्यांनी."

"मी माप घेत होतो," तो म्हणाला, आणि त्याला रडू आलं. त्याने भिंगरीला जवळ ओढलं. ती बराच वेळ तिथेच, न हलता उभी राहिली.

पुढच्या आठवड्यात नवी शेगडी आली. या वेळी सुताराने टेप खिशातच ठेवली आणि आधी दुकानदाराचं सगळं ऐकलं. कप्प्यात चार बोटं जागा सोडली. तळाचं भोक मोकळं केलं.

मित्रांनो, तुमच्या घरच्या शेगडीची नळी मोठ्यांना मधूनमधून बघायला सांगा. वास आला तर लाजू नका, बोला. आणि म्हातारं झालेलं काही टाकून देण्याआधी जरा थांबा.

मला भंगारात द्यायला बायको तयार होती. सुतार नको म्हणाला. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी तो माझ्यावरचा भुसा झटकतो आणि खटका एकदा दाबतो. ठिणगी पडत नाही. मग तो करवत उचलतो.