दहापैकी दहा

दादरच्या श्रोता मंडळाचा एक नियम होता, आणि त्याचा मंडळींना केवढा तोरा! दरवर्षी गाणं ऐकायला सहल कुठे काढायची हे ठरवताना गावाचं नाव आधी सांगायचं नाही. ज्याला जिथे जायचंय त्याने तिथलं रेकॉर्डिंग आणायचं, सगळ्यांनी डोळे मिटून ऐकायचं आणि चिठ्ठीवर दहापैकी मार्क द्यायचे. नाव त्यानंतर. "कान भेदभाव करत नाही," असं अध्यक्ष विनीतसर दर बैठकीला म्हणायचे. या नियमावरच मंडळ व्हिएन्नाला जाऊन आलं, टोकियोच्या रेकॉर्डवाल्या कॅफेंत बसून आलं.

राजरत्न कधीच गेला नव्हता. मंडळाचा व्हॉल्व्हचा अँप्लिफायर त्याने लालबागच्या चाळीतल्या खोलीत स्वतःच्या हाताने बांधला होता आणि मंडळाला वापरायला दिला होता. सात वर्षं त्यावर जगभरचं ऐकून मंडळी "वा, काय साऊंड!" म्हणायची, आणि खरखर झाली की "राजरत्न, बघ रे जरा" म्हणायची. तो बघायचा. अहो, पण माणसाने बघून बघून किती बघायचं?

या वर्षी त्यानेही टेप आणली. त्याच्या बारशाला आईने, जाईबाईने, गायलेला पाळणा. शब्द वडिलांचे, रामदासांचे. मिल सुटल्यावर पेटीही तेच वाजवायचे. ते कधीच गेले, आणि आता चाळही पडणार होती. महिनाअखेर चौदा नंबरची खोली रिकामी करायची होती. ऐंशीच्या जाईबाईने एवढंच मागितलं होतं : "भिंती पडायच्या आधी एकदा तुझी ती कानवाली माणसं आण रे. त्यांच्यासमोर गाते. मग खुशाल पाडा म्हणावं."

टेप लागली. जाईबाईचा आवाज वर चढला, मागून चाळीतल्या बायकांनी पाळणा उचलला, टाळ्यांनी खोली घुमली. दरवर्षी सगळ्यांत कमी मार्क देणाऱ्या दर्शनाताईंनी चष्मा काढून डोळे पुसले.

"हॉल लाकडी असणार," विनीतसर डोळे मिटूनच पुटपुटले. "कोकणातलं जुनं नाट्यगृह? काय घुमतंय!"

अकरा चिठ्ठ्या उघडल्या. अकराही ठिकाणी दहा. असं मंडळात कधी झालंच नव्हतं.

"सांग बाबा, कुठे जायचंय?"

"लालबाग," राजरत्न म्हणाला. "चौदा नंबरची खोली. माझी आई गातेय. टॅक्सीने पंधरा मिनिटं. ती वाट बघतेय."

मंडळी हसली. तो मात्र हसला नाही.

"अरे, भावना समजते तुझी," विनीतसर म्हणाले, "पण ही सहल आहे ना? लालबागला काय, कधीही जाता येतं."

"मग सात वर्षांत एकदा तरी आलात?"

"असं काय बोलतोस?" दर्शनाताई मध्ये पडल्या. "तू टेपची कॉपी दे ना आम्हाला. इथेच ऐकू, एसीत बसून. तिथे तो कॉमन संडास, तो वास… आणि आईंनाही या वयात त्रास कशाला?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. विनीतसरांनी लगेच नवा नियम सांगितला, यापुढे ठिकाण शहराबाहेरचंच हवं. आणि त्याच बैठकीत सात मार्क मिळालेलं क्योटो पास झालं.

राजरत्नच्या डोक्यात तिडीक गेली. "डोळे मिटले होते तेव्हा दहा, आणि डोळे उघडल्यावर वास येतो? लाज वाटत नाही?" त्याने अँप्लिफायरच्या वायरी उपटल्या, टेप खिशात घातली आणि मशीन चादरीत गुंडाळलं.

"अरे, रविवारची बैठक आहे!"

"रविवारी पाच वाजता चौदा नंबरला या. चपला बाहेर काढा."

रविवारी जाईबाईने निळ्या काठाची पांढरी साडी नेसली. शेजारपाजारच्या अकरा खुर्च्या मांडल्या. पाच वाजले, साडेपाच वाजले. राजरत्न दारात उभा राहून आतल्या आत धुमसत होता.

"ट्रॅफिक असेल रे," जाईबाई म्हणाली.

"ट्रॅफिक कसलं डोंबलाचं! आलेच नाहीत, आई. येणारही नाहीत."

जाईबाईने खांद्यावरचा पदर सावरला. मग म्हणाली, "दार सताड उघड."

आणि तिने पाळणा सुरू केला. आवाज कापत होता, पण सूर तोच. बाहेर बांधाबांध चालली होती, ती थांबली. शेजारच्या रमाबाई दाराशी येऊन म्हणाल्या, "जाईबाय, त्या खुर्च्यांवर आमी बसलो तर चालंल ना?" आणि बसल्याच. मागोमाग बाकीच्या आल्या. पहिल्या ओळीतली मधली खुर्ची तेवढी रिकामी राहिली. ती अध्यक्षांसाठी ठेवली होती.

तेवढ्यात फोन वाजला. विनीतसर.

"राजरत्न, अरे तुझ्या मशीनशिवाय बैठक अडलीय इथे. आता राग सोड आणि… थांब, थांब. हीच ना ती टेप? जरा घासलीय वाटतं, पण काय आवाज आहे रे! फोन असाच धर, मी सगळ्यांना बोलावतो. पहिल्यापासून लाव ना जरा."

"टेप माझ्या खिशात आहे," राजरत्न म्हणाला. "आई गातेय. हे पहिल्यापासून लावता येत नाही."

त्याने फोन बंद केला आणि अध्यक्षांच्या खुर्चीवर जाऊन बसला.