मालाच्या लिफ्टमधला के-दोन

मित्रांनो, मी एक जुना व्हेरिएबल आहे आणि माझा स्वभाव चांगला नाही. गोडगोड ऐकायचं असेल तर दुसरीकडे जा.

व्हेरिएबल म्हणजे प्रोग्रॅममधला आकडा ठेवायचा कप्पा. कापडाच्या गोदामातल्या लिफ्टचा प्रोग्रॅम सी भाषेत लिहिला, तेव्हा मी जन्मलो. दार लागलेलं असलं की माझ्यात एक, उघडं असलं की शून्य. एवढं जोखमीचं काम, आणि नाव काय ठेवलं? के-दोन! लिहिणारे साहेब आळशी. "लांबलचक नावं कोण टाइप करत बसणार? माझ्या सगळं लक्षात असतं," असं म्हणायचे.

लिफ्ट सोडण्याआधी मला विचारायचं होतं, दार लागलंय का? असं विचारताना बरोबरच्या दोन खुणा लागतात. साहेबांनी एकच टाकली. एक खूण म्हणजे प्रश्न नव्हे, हुकूम. मी शून्य असलो तरी माझ्यात एक कोंबला जायचा आणि लिफ्ट सुटायची. प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरने इशारा दिला होता. साहेबांनी इशारेच बंद करून टाकले.

लिफ्टवाले काका दार लावल्याशिवाय बटणाला हात लावत नसत, म्हणून आठ महिने कुणाला पत्ता लागला नाही. एका दुपारी ते लिफ्टमधून गठ्ठा बाहेर ओढत होते, एक पाय आत, एक बाहेर. दार सताड उघडं होतं आणि वरच्या मजल्यावर कुणीतरी बटण दाबलं. साहेबांच्या ओळीने माझ्या शून्याचा एक केला. लिफ्ट निघाली आणि काकांचा पाय चिरडला.

साहेब मालकांना म्हणाले, "म्हाताऱ्यानंच काहीतरी घोळ घातला असेल. काढून टाका त्याला."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. पण मला बोलता कुठे येतं!

अपघाताची तपासणी करायला आलेल्या बाई साहेबांना स्क्रीनसमोर घेऊन बसल्या.

"हा के-दोन कशाचा?"

"असेल... वजनाचा."

"असेल? तुमच्या तर सगळं लक्षात असतं ना?"

बाईंनी ओळ न् ओळ वाचली. चूक सापडल्यावर त्या उठल्या. "चला मालकांकडे. हे तुमच्या तोंडानं सांगायचं."

काकांची नोकरी वाचली, पाय वाचला नाही. बाईंनी दुसरी खूण टाकली आणि माझं नाव 'दार_बंद' ठेवलं. मला त्याचं कौतुक नाही. मित्रांनो, कप्प्याला त्याच्या कामाचं नाव द्या, इशारे वाचा, विचारायचं तिथे विचारा. काका आता लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नाहीत. साहेबांनी वाचवलेल्या एका खुणेपायी ते रोज कुबडी टेकत बावीस पायऱ्या चढतात.