सृष्टीच्या कपाळावरचं पाणी

हट्ट्याच्या शेवटच्या गल्लीत ख्रिस्ती लोकांची आठ-दहा घरं आहेत. त्यातल्या एका घराच्या न्हाणीत सोजराबाई पाय लांब करून बसल्या होत्या आणि त्यांच्या पायांवर पालथी घातलेली नात, सृष्टी, हातपाय झाडत होती. सून राणी कढत पाण्यात विसण घालून तांब्यानं हळूहळू ओतत होती. न्हाणं झालं की ओव्याची धुरी, मग दुपट्यात गुंडाळून झोळीत. रोजचाच नेम होता तो.

"ईस्टरला उरकून टाकू," सोजराबाई म्हणाल्या. "फादर येनारच हायेत."

"कशाचं, आत्याबाई?"

"पोरीच्या बाप्तिस्म्याचं. आनखी कशाचं?"

राणीच्या हातातला तांब्या थांबला. "त्याचं तर लग्नाच्या येळंलाच ठरलंय. ती मोठी झाल्यावर तिचं ती ठरवील. ह्यांनी माझ्या आबाला शब्द दिलाय."

सोजराबाईंनी नातीला उचलून टॉवेलात घेतलं. "माझ्या रविंद्रनं फादरला शब्द दिलाय, लेकरांचा बाप्तिस्मा करीन म्हनून. म्या सोता बसले व्हते तिथं."

 पोरगी गारठून रडायला लागली, तेव्हा कुठं दोघींना भान आलं.

रविंद्र वसमतला मोटार वायंडिंगच्या दुकानात कामाला होता. निर्व्यसनी, गोड बोलणारा, कुणाचं मन न दुखवणारा. त्याचं घर कॅथलिक. तान्ह्या लेकराच्या डोक्यावर पाणी घालून त्याला चर्चमध्ये घेण्याची त्यांची रीत. राणीचं माहेर डोंगरकड्याचं. तिचे वडील नरसिंग तिथल्या एका लहानशा प्रोटेस्टंट मंडळीचे वडीलधारे सेवक. माणसानं समजून-उमजून विश्वास ठेवावा आणि मगच पाण्यात बुडून बाप्तिस्मा घ्यावा, असं ती मंडळी मानते. गावाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. गावाच्या लेखी दोघंही किरिस्ताव, आणि दोघांचीही घरं आपापल्या गावाच्या शेवटच्या टोकाला.

संध्याकाळी रविंद्र घरी आला, तेव्हा राणीनं विचारलं, "फादरला एक शब्द, आबाला दुसरा. मला कोणता देनार व्हता?"

"लगीन मोडायला आलं व्हतं, राणी. तुझे आबा हटून बसलेले, इकडं माय हटून बसलेली. मला वाटलं, लेकरू झालं की समदे मऊ पडतील."

"अन् न्हाई पडले तर?"

रविंद्र बुटाची लेस सोडत राहिला.

राणीचा हट्ट निव्वळ माहेरच्या शिकवणीचा नव्हता. कॉलेज कधी सोडायचं, शिलाई मशीन शिकायची की नाही, स्थळ कोणतं, सगळं दुसऱ्यांनी ठरवलं होतं. पण कॉलेजच्या पहिल्या वर्षी एका सकाळी ती स्वतःहून बाप्तिस्म्यासाठी कयाधू नदीच्या पात्रात उतरली होती. कुणी ढकललं नव्हतं, कुणी थांबवलं नव्हतं. आयुष्यातलं तेवढं एक पाऊल तिचं होतं. तसं पाऊल लेकीलाही मिळावं, एवढंच तिला वाटत होतं.

आणि सोजराबाईंचाही हट्ट निव्वळ रीतीचा नव्हता. त्यांचं पहिलं लेकरू जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी गेलं. पाणी पडायच्या आत. तेव्हाच्या जुन्या जाणत्यांनी त्याला दफनभूमीत जागा दिली नाही. बाभळीच्या काट्यांच्या कुंपणाबाहेर खड्डा खणला. हल्लीचे फादर सांगतात, देव असल्या लेकरांना टाकत नाही. सोजराबाई मान हलवत. पण कुंपणावरून जाताना त्यांची नजर अजूनही बाहेरच्या बाजूला जाई.

रविंद्र फादरकडं गेला. फादर म्हणाले, "आईच्या मनाविरुद्ध घाई करू नका. घरात एकमत करा आणि मग या." सल्ला शहाणपणाचा होता. पण घरात एकमत करायचं कुणी? रविंद्रला आईपुढं बोलता येत नव्हतं, बायकोपुढंही नाही.

तेवढ्यात नरसिंग येऊन गेला. आत न येता ओसरीवरच टेकला. चहा पुढं केला, तो त्यानं घेतला नाही.

"पोरीवर पानी पडलं तर मंडळीला म्या काय तोंड दाखवू, रविंद्रराव? तुमचा शब्द हाय मला."

"व्हय, आबा. बघू आपन."

"बघू काय? शब्द हाय."

ईस्टरच्या आधी सृष्टीला ताप भरला. वसमतच्या डॉक्टरांनी औषध दिलं, अंग पुसत राहा म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी औषधाची बाटली सांडली, म्हणून राणी मेडिकलपर्यंत गेली. घरात सोजराबाई एकट्या. आणि त्या मांडीवर घेऊन बसल्या असताना पोरीनं एकाएकी डोळे फिरवले, मुठी आवळल्या, अंग ताठ केलं.

राणी दारात आली तेव्हा तिला सासूचा आवाज ऐकू आला. "पिता, पुत्र अन् पवित्र आत्म्याच्या नावानं..." सोजराबाई ओंजळीनं पोरीच्या कपाळावर पाणी सोडत होत्या.

राणीनं झडप घालून लेकीला घेतलं. रविंद्रला फोन गेला, शेजारच्या रिक्षातून दवाखाना गाठला. तापाचा झटका होता. दोन दिवसांत पोरगी हसायला लागली.

घरी आल्यावर राणीनं एवढंच विचारलं, "काहून केलं, आत्याबाई?"

"ती चालली व्हती, राणी. माझं एक कुंपणाबाहेर पडलंय. दुसरं न्हाई पडू देनार म्या." जरा वेळानं त्या म्हणाल्या, "तू घरात असतीस तर तुला इचारलं असतं का, ते मला सांगता येत न्हाई."

राणी मन थाऱ्यावर येईस्तोवर म्हणून माहेरी गेली. रविंद्रनं तिला अडवलं नाही. थांब असंही म्हणाला नाही.

तिच्या आधी बातमी डोंगरकड्याला पोचली होती. मंडळीचे पास्टर तरुण होते, बोलायला मऊ होते. म्हणाले, "ताई, आपल्या लेखी त्या पाण्याला काहीच अर्थ नाही. पण रविवारी उभं राहून तुम्ही सांगा, की सासूनं केलं ते पाप होतं, आणि मुलीला त्या चर्चची पायरी चढू देणार नाही. त्याशिवाय तुम्हाला प्रभुभोजन देता येणार नाही."

"पान्याला अर्थच न्हाई, तर मग पाप कशाचं?"

पास्टरांनी नरसिंगकडं पाहिलं. नरसिंगनं जमिनीकडं पाहिलं.

"मंडळीचा नियम आहे," पास्टर म्हणाले.

रविवारी पत्र्याच्या शेडमध्ये मंडळी जमली. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. पास्टरांनी नाव घेतलं तशी राणी लेकीला कडेवर घेऊन उभी राहिली. 

"माझ्या पोरीला मला न इचारता पानी घातलं. त्याचं मला लई वाईट वाटलं. अजून वाटून राहिलं. पन त्या बाईला म्या पापी म्हननार न्हाई. तिचं लेकरू काट्याच्या बाहेर पुरलेलं हाय. तसं कुनी तिला करायला नको व्हतं."

 कुणी तिला बसवलं नाही. तीच खाली बसली. मग गाणं झालं, प्रार्थना झाली, आणि प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट फिरू लागलं. ते फिरवायचं काम नेहमीप्रमाणं नरसिंगकडं होतं.

बायकांच्या ओळीत एकेक हात पुढं होत होता. नरसिंग राणीसमोर आला. तिनं ओंजळ पुढं केली नव्हती, पण मागंही घेतली नव्हती. मांडीवरची सृष्टी आजोबांना ओळखून हसली आणि तिनं ताटाकडं हात टाकला. नरसिंग क्षणभर घुटमळला. ताट हललं, दोन तुकडे काठाशी सरकले. मग तो पुढच्या बाईकडं वळला.

प्रार्थना उरकल्यावर तो शेडच्या मागं, लिंबाखाली राणीजवळ येऊन बसला. उपरण्यानं त्यानं चष्मा पुसला.

"माझ्या हातात काई न्हवतं, माय," तो म्हणाला.

राणीनं लेकीचं तोंड पदरानं पुसलं. तिचा आवाज चढला नाही.

"ताट तुमच्याच हातात व्हतं, आबा."

दुपारून रविंद्र मोटारसायकलवर न्यायला आला. राणी त्याच्या मागं बसली, कारण तिसरं घर तिला नव्हतं. वाटेत त्यानं दोनदा विचारलं, राग आलाय का. 

ती हट्ट्यातच राहते आहे. चर्चमधल्या मिस्सेला जात नाही, डोंगरकड्यालाही जात नाही. फादर म्हणतात, जीव धोक्यात असला की कुणीही पाणी घालू शकतं, आणि पाणी नि शब्द बरोबर होते. झालेला बाप्तिस्मा पुसता येत नाही. पास्टर म्हणतात, झालंच नाही काही. सृष्टीला यातलं काही कळत नाही. तिला आता दात येत आहेत, म्हणून ती रात्रंदिवस चिडचिड करते. सोजराबाई आणि राणी एकाच चुलीवर रांधतात आणि कामापुरतंच बोलतात.

ज्या आज्या-पणज्यांना गावानं पाणवठ्याला हात लावू दिला नाही, त्यांनी सगळ्यांना एका पंगतीत बसायला मिळेल म्हणून ख्रिस्ती होण्याचा रस्ता धरला होता. त्यांच्या नातवंडांनी पंगतीत पुन्हा रेघ ओढली, आणि ती ओढताना एका आईला तिचं म्हणणं काय, हे कुणी विचारलं नाही. नवऱ्यानं नाही, सासूनं नाही, बापानं नाही. ज्यांच्या घरात अशा रेघा आहेत (आणि कुणाच्या घरात नसतात?), त्यांनी आपण कुणाला विचारलं नाही, हे आपापल्या मनाला विचारावं.

त्या रविवारनंतर नरसिंग म्हणे ताट फिरवताना राणी बसायची त्या जागेशी जरा थांबतो. तिथं आता दुसरी बाई बसते. ती हात पुढं करते, आणि तो तिला तुकडा देतो.