वरच्या कप्प्यातलं इंजेक्शन

ही कुरकुर ऐकू येतेय ना, मित्रांनो? माझ्याच चाकाची. मी एक जुनी ट्रॉली आहे, बेंबळीकडच्या एका दवाखान्यातल्या बाळंतपणाच्या खोलीतली. अंगावर गंज चढलाय आणि खरं सांगू, आता मी पार थकलेय.

नवी होते तेव्हा माझ्यावर नुसता कापूस असायचा. रक्त थांबवायचं इंजेक्शन भांडारातल्या फ्रिजमध्ये, कुलपात. किल्ली भांडार सांभाळणाऱ्या गोरोबाकाकांच्या करगोट्याला! माणूस सरळ, पण हिशेबात एक बाटली कमी आली की त्यांचा जीव टांगणीला लागायचा. एकदा ते जेवायला घरी गेले आणि इकडं कमलबाईंची सून बाळंत झाली. रक्त थांबेना. किल्ली येईपर्यंत बिचारी गेली.

सगळे काकांवर तुटून पडले. दैवशाला सिस्टर मात्र म्हणाल्या, "मानसाला शिव्या देऊन काय व्हनार? उशीर कुठं झाला ते बगू."

मग हाक मारल्यापासून सुई हातात येईपर्यंत किती वेळ जातो, ते घड्याळ लावून बघणं सुरू झालं. आधी सगळीच औषधं माझ्यावर रचली, तर गडबडीत हवं ते सापडेना. सिस्टरांनी हात टेकले नाहीत. रक्तस्रावाचं तेवढंच सामान वरच्या कप्प्यात ठेवलं, इंजेक्शन थंड डब्यात, आणि मला खाटेशेजारी उभं केलं. हाक मारली की सुई हातात! भिंतीवरच्या कागदावर उशिराची रेघ खाली खाली येत गेली. जिल्ह्याचे साहेब येऊन कौतुक करून गेले. काय मिरवले मी तेव्हा!

पुढं सिस्टरांची बदली मुरुमला झाली. मोजणं थांबलं. हिशेबासाठी इंजेक्शन पुन्हा कुलपात गेलं आणि तपासणीच्या वेळी शोभेला माझ्यावर कुंडी आली. ती तिथंच राहिली. मला फार वाईट वाटलं.

आज दुपारी बानूबाईंची सून अर्पिता बाळंत झाली आणि रक्त वाहू लागलं. दैवशालांच्या हाताखाली शिकलेल्या सृष्टी सिस्टरांचा हात सवयीनं माझ्याकडं आला. हाताला लागली कुंडी!

"माझ्या सुनंला वाचवा वो माय!" बानूबाईंनी हंबरडा फोडला.

काकांना आज जेवायला घरी जायला उशीर झाला होता, म्हणून ते जागेवर होते. म्हातारा किल्ली घेऊन धावत आला. अर्पिता वाचली.

नंतर काकांनी कुंडी बाहेर नेली आणि थंड डबा माझ्यावर ठेवला. "आता कुलूप न्हाय," ते म्हणाले. "उद्यापासनं घड्याळ लावा पुन्ना."

मित्रांनो, माझ्या चाकाला तेल नाही घातलं तरी चालेल. वरचा कप्पा तेवढा रोज उघडून बघा. गोरोबाकाका काय रोज उपाशी बसणार आहेत?