धायरीचं यंत्र लहान आहे

मित्रांनो, मी एक जुना दुभाषा आहे, आणि मला राग आलेला आहे.

मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी एक सॉफ्टवेअर लायब्ररी आहे. तिची भाषा एक, ती वापरणाऱ्या प्रोग्रामची दुसरी. दोघांचं बोलणं जुळवणारा छोटा कोड म्हणजे मी. मला तीन भावंडं आहेत, प्रत्येकाची भाषा निराळी.

हिंजवडीच्या एका कंपनीत सुरय्याबाईंनी आम्हाला लिहिलं आणि चार वेगळ्या पॅकेजांत ठेवलं. "ज्याला एक हवा, त्याने चौघांचं ओझं का उचलायचं?" असं त्या म्हणायच्या. धायरीच्या अंध मुलींच्या शाळेत एक जुनं वाचनयंत्र होतं. त्यात मी एकटाच मावायचो. सुरय्याबाईंनी माझ्या फाइलीत लिहून ठेवलं, 'याला वेगळा ठेवा. धायरीचं यंत्र लहान आहे.'

सहा वर्षं मी तिथे राबलो. रुमाना नावाची मुलगी तर सगळा अभ्यास माझ्याच भरवशावर करायची.

गेल्या वर्षी सुरय्याबाई वारल्या. मग दर शनिवारी त्यांचे पती मैनुद्दीन यंत्र बघायला येऊ लागले. त्यांना कोड कळत नाही. ते धूळ पुसायचे आणि बायकोने शिकवलं होतं तसं अपडेटचं बटण दाबायचे.

एका शनिवारी त्यांनी बटण दाबलं. मी पुसला गेलो. माझ्या जागी चौघांचं एकच पॅकेज आलं, ते मावलं नाही. यंत्र मुकं झालं. सोमवारी रुमानाचा इतिहासाचा पेपर होता.

"माझ्याच हातून बिघडलं, बेटा," मैनुद्दीन तिला म्हणाले.

सोमवारी ते हिंजवडीला गेले. आम्हाला एकत्र करणारे दत्तप्रसाद तिथे बसतात. माझी मूळ प्रत त्यांच्या संगणकात होती, तिथून मी सगळं ऐकत होतो.

"चार-चार पॅकेजेस कोण सांभाळणार, काका? एकच बरं."

"तिने सूचना लिहिली होती."

"जुन्या सूचना कोण वाचत बसतं?"

"बरोबर आहे. वाचायचं काम तुम्ही धायरीच्या मुलींवर सोडलंय."

दत्तप्रसादांनी माझी फाइल उघडली आणि ती सूचना वाचली. त्याच दुपारी त्यांनी मला वेगळा काढला. तोवर पेपर होऊन गेला होता. रुमानाचे शेवटचे तीन धडे राहिले ते राहिलेच.

मित्रांनो, आम्हाला एकत्र बांधण्यात पाप नाही. पण बांधण्याआधी आमच्यावर कोणाचं काम अडलंय ते विचारा. लिहिलेलं वाचा. लिहिणारी माणसं पुन्हा सांगायला येत नाहीत.

दत्तप्रसादांनी रुमानाची माफी मागितली. मैनुद्दीनची मागितली नाही. मैनुद्दीन अजूनही दर शनिवारी शाळेत येतात, धूळ पुसतात, आणि बटणाला हात लावत नाहीत.