मासोळीचा बेचाळिसावा भाग

सकवारबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्यांना महिनाभर वाचायला न् टीव्ही बघायला मनाई केली. तिसऱ्या दिवशी त्यांनी माडीवरच्या भाडेकरणीला, उल्काला, खाली बोलावलं.

"काहीतरी वाचून दाखव," त्या म्हणाल्या. "नुसतं बसून माणूस किती बसणार?"

उल्का त्याच वर्षी, म्हणजे १९९९ साली, पुण्याहून बंगळूरला सॉफ्टवेअरच्या नोकरीला आली होती. सकवारबाईंना मराठी आणि कानडीच यायचं, आणि तिच्याकडे मराठी पुस्तक एकही नव्हतं. होती ती ऑफिसात गुपचूप छापून आणलेली एक चिनी कादंबरी. लेखिका ती इंटरनेटवर तुकड्यातुकड्याने लिहीत होती आणि सिंगापूरचा चेन नावाचा एक विद्यार्थी तिचं इंग्रजी करून आपल्या वेबसाइटवर टाकत होता. उल्का वाचता वाचता मराठीत सांगू लागली.

स्वर्गात पावसाचं वेळापत्रक सांभाळणारा एक देव असतो. तो शिंकला की पृथ्वीवर गडगडाट होतो. तीनशे वर्षं तप करून बाईमाणूस झालेली एक मासोळी त्याच्या स्वयंपाकघरात नोकरीला लागते आणि पहिल्याच दिवशी मासे शिजवायला नकार देते. सकवारबाई इतक्या हसल्या की डोळ्यावरची पट्टी सांभाळावी लागली. देवाचं नाव त्यांनी शिंक्या ठेवलं.

विसाव्या भागानंतर मात्र उल्काचं डोकं फिरायला लागलं. मासोळीला वाटत होतं, शिंक्याचं लग्न दुसरीकडे ठरलंय. तो एक वाक्य बोलला असता तर प्रश्न मिटला असता. तो बोलतच नव्हता. मंत्रांचे नियम दर भागात बदलत होते.

"अक्का, हा मूर्खपणा आहे," उल्का म्हणायची.

"असू दे. ती कशी बोलते बघ."

एकेचाळिसाव्या भागाखाली चेनने लिहिलं होतं, वाचकांनी मोकळेपणाने मत कळवावं. उल्काने दुसऱ्याच दिवशी दोन पानी मेल लिहिली. संवाद फार छान, मासोळी तर अप्रतिम, एवढं दोन ओळींत. बाकी सगळं रटाळ गैरसमजांबद्दल आणि मध्येच गायब होणाऱ्या पात्रांबद्दल.

चेनचं उत्तर आलं: तुमचं सगळं पटलं. मलाही तसंच वाटायचं. म्हणून भाषांतर थांबवतोय.

"तुला कुणी सांगितलं होतं लिहायला?" सकवारबाईंनी विचारलं.

"त्यानेच विचारलं होतं, अक्का."

"विचारतात माणसं. म्हणून सगळं सांगायचं असतं काय?"

दोन दिवस त्या तिच्याशी धड बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी उल्का कोरे कागद हातात धरून खाली आली. पुढचा भाग आला म्हणाली आणि स्वतःच रचून सांगायला बसली. तिने शिंक्याला बोलतं केलं, गैरसमज मिटवले, हरवलेली माणसं शोधून आणली आणि अर्ध्या तासात लग्न लावून दिलं. कुठे फट ठेवली नाही.

सकवारबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हे तू केलंस."

"कशावरून?"

"ती मासोळी एकदाही कुणाला तोडून बोलली नाही. मी एकदाही हसले नाही."

उल्काला राग आला आणि त्या रागात खरं काय ते कळलंही. चुका दाखवणं तिला जमलं होतं. हसवणं जमलं नव्हतं. तिने वही काढली.

"सांगा, कुठे कुठे हसलात. चेनला कळवते."

"सरी, लिही," असा कानडी-मराठीत होकार देऊन सकवारबाई तासभर सांगत राहिल्या. तिखटाची पिशवी फुटून शिंक्याने सात गावांत पूर आणला तो प्रसंग त्यांनी दोनदा लिहायला लावला. उल्काने ते सगळं इंग्रजीत करून चेनला पाठवलं. वर एक ओळ जोडली: माझं मत अजून तेच आहे, पण या बाईंचंही ऐका.

सतरा दिवसांनी बेचाळिसावा भाग आला. पट्टी निघाली होती, तरी सकवारबाईंनी वाचायला उल्कालाच बसवलं. इंग्रजी आपल्याला येत नाही, एवढंच म्हणाल्या. शिंक्या अजूनही गप्पच होता. तो बोलायला तोंड उघडणार, इतक्यात मासोळीची मावशी दारात उभी राहिली.

उल्काने कागद खाली ठेवले. "मावशी? एकेचाळीस भागांत हिचं नावही नव्हतं. ही कुठून आली?"

"येतात मावश्या," सकवारबाई म्हणाल्या. "वाच पुढं."