कॉलरचा वास

लाँड्रीत सव्वीस वर्षं काढली की माणूस नाकाने जगायला लागतो. शर्ट हातात घेतला की मी सांगतो, हा दिवसभर चुलीशी उभा होता, हा दवाखान्यात, आणि हा बायकोला सांगून गेला तिथे गेलाच नव्हता. कपडे भिजवण्याआधी कॉलर हुंगायची, ही माझी जुनी खोड. डाग डोळ्यांना दिसतो, घाम नाकालाच कळतो. गिऱ्हाईकं मात्र स्वतःच्याच कपड्यांचं गाठोडं दोन बोटांत धरून आणतात आणि वर माझ्यासमोर नाक मुरडतात.

माझ्या मुलीच्या कपड्यांना सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो तिचा नाही, तिच्या औषधाचा. ती वर्षाची असताना कळलं की तिला एक दुर्मीळ आजार आहे. शरीरातला एक पदार्थ पेशींबाहेर पडतच नाही, आतच त्याचे स्फटिक होतात आणि मूत्रपिंडं हळूहळू निकामी करतात. त्यावरच्या कॅप्सूल दर सहा तासांनी घ्यायच्या, जन्मभर. घेतल्या की अर्ध्या तासात श्वासाला आणि घामाला तो वास सुटतो. डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच बजावलं होतं, "वेळच्या वेळी घेतल्या तर मूत्रपिंडं पुष्कळ वर्षं साथ देतील. चुकवल्या तर तिशीही गाठणार नाहीत." रोग परवडला पण औषध नको, असं लोक म्हणतात. म्हणणाऱ्यांनी दोन्ही घरात ठेवून बघावीत.

आजाराने उंची खुंटली म्हणून घरात ती ठमी. नऊ वर्षांची होईपर्यंत ठमी माझ्या पाठीवर लोंबकळत असायची. मग शाळेत शेजारच्या मुलीने बाक बदलून घेतला. त्या दिवशी ठमी घरी आली आणि खोलीतल्या सगळ्यात लांबच्या खुर्चीवर जाऊन बसली, ती कायमची. बोलताना तोंडावर हात, नाहीतर मान खिडकीकडे. "मला चालतो गं तुझा वास," मी शंभरदा सांगितलं असेल. ती म्हणायची, "मला नाही चालत, बाबा." चौदा वर्षं माझी लेक माझ्या जवळ आली नाही. हे कुणाला सांगण्यासारखं दुःख नाही, पण आहे ते आहे.

दोन महिन्यांपूर्वी तिला दुसऱ्या शहरात चष्म्याच्या दुकानात नोकरी लागली. ती गेली आणि आठवड्याभरात तो वासही घरातून गेला. घर खायला उठलं. एकदा तिची आई तिच्या खोलीत पडदा नाकाला लावून उभी दिसली. मला बघून म्हणाली, "धुवायला काढावा का, ते बघत होते."

"राहू दे," मी म्हटलं. सगळं जग अत्तराच्या मागे, आणि आम्ही दोघं नासक्या अंड्यासाठी झुरत बसलेलो.

परवा शनिवारी भर दुपारी ती थेट लाँड्रीतच आली. मला वाटलं, नेहमीसारखी काउंटरपलीकडे उभी राहील. पण फळी उचलून ती आत आली, बॅग खाली टाकली आणि माझ्या गळ्यात पडली. हातातली इस्त्री मी कशी उभी केली ते आठवत नाही. तिची हनुवटी माझ्या छातीत रुतत होती आणि मान वर करून ती हसत हसत बोलत होती, दुकानाबद्दल, खोलीबद्दल, खोलीतल्या गळक्या नळाबद्दल. मला एक अक्षर कळत नव्हतं. मी इतका सुखात होतो की माझं सव्वीस वर्षांचं मुरलेलं नाक त्या वेळी झोपून गेलं.

ती मागे तोंड धुवायला गेली. मी सवयीने तिची बॅग उघडली. निळ्या शर्टाची कॉलर हुंगली. साबण. दुसरा, पावडर. तिसऱ्याला घाम होता, पण साधा, कुणाचाही असावा तसा. सातही शर्ट हुंगले. अंड्याचा वास एकालाही नव्हता.

ती चेहरा पुसत आली तेव्हा शेवटचा शर्ट माझ्या हातात होता. तिला कळलं.

"रात्रीची घेते मी," ती म्हणाली.

"आणि बाकीच्या?"

"पहिल्या आठवड्यात मला मागे काचा घासायला बसवलं होतं, बाबा. गिऱ्हाईकाच्या नाकावर चष्मा बसवायचा म्हणजे तोंड एवढं जवळ न्यावं लागतं." तिने वीतभर अंतर दाखवलं. "मग मी दिवसाच्या बंद केल्या. आता पुढे असते. काल एक आजी माझ्या हातात चेहरा देऊन डोळे मिटून बसल्या. इतक्या दिवसांत कुणी मान फिरवली नाही."

राग आला, खोटं कशाला बोलू. तुझ्या आईने बावीस वर्षं घड्याळाशी संसार केला तो याचसाठी का, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण रागाच्या खाली दुसरंच काही होतं. उद्याचा रविवार असाच जाऊ द्यावा. ती शेजारी बसेल, आईच्या मांडीवर डोकं ठेवेल. सोमवारी सांगू. एका दिवसाने काय होतंय? असं मी मनात म्हटलं, आणि लक्षात आलं की तीही रोज सकाळी हेच म्हणत असणार.

"डबी कुठंय?" मी विचारलं.

तिने खिशातून काढली. "आत्ता घेतली तर घरी पोचेपर्यंत वास सुटेल. आईला तरी एकदा भेटू द्या ना."

"आईला मी सांगतो."

"आणि दुकानात?"

"काचा घास."

"किती सहज बोलता."

"सहज नाही बोलत गं."

ती डबीकडे बघत राहिली. "मग मी परत लांबच बसणार, बाबा. मला नाही जमत जवळ यायला."

"बस लांब. पण पुष्कळ वर्षं बस."

ती पुन्हा जवळ आली आणि तिने मला घट्ट धरलं. या वेळी मी नाक जागं ठेवलं. केसांना साबण होता, प्रवासातली धूळ होती, आणि त्याखाली एक ऊबदार, किंचित आंबूस वास होता. तो तिचा होता. ती वर्षाची असल्यापासून तो माझ्या नाकाला लागलाच नव्हता. तिने मला सोडलं नाही. मीच तिला सोडलं आणि पाण्याचा पेला भरायला गेलो.